परदेशी पाहुणा : आगमन आणि मुक्काम
(पुणे जिल्ह्यातील पर्यटनाच्या संदर्भात)

पुण्याहून मुंबईकडे जाताना लोणावळ्याच्या अलीकडे कार्ल्याची लेणी लागतात. तेथील चैत्यगृहाच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेले छोटे छोटे लेख आहेत. खांबाचे दान कोणी केले आणि तो दाता कोठला राहणारा, एवढीच माहिती त्यांत असते. या दात्यांमध्ये धेनुकाकट येथील कित्येक यवनांचा उल्लेख येतो. कोकणातील बंदरांतून घाट चढून देशावर येणाऱ्या व्यापारी मार्गावर हे लेणे वसलेले असल्यामुळे त्यात नवल नाही. पुणे जिल्ह्याशी परदेशी माणसांचा जो संबंध आला, त्याच्या अतिप्राचीन नोंदींपैकी ही एक होय. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही नोंद किती लोक आले हे सांगत नाही. कोण आला, कोठे राहत होता आणि मागे काय ठेवून गेला, हे मात्र ती सांगते.

आज परदेशी पाहुण्यांची मोजणी आपण करतो ती प्रामुख्याने संख्येने. किती लाख आले, मागील वर्षापेक्षा किती टक्के वाढले, कोणत्या राज्याचा कितवा क्रमांक लागला, अशा स्वरूपात ती आपल्यासमोर येते. हे आकडे आवश्यक आहेतच. परंतु त्यांच्या आधारे रस्ते, पाणी, निवास आणि रोजगार यांच्या योजना आखायच्या असतील, तर त्यांचा नेमका अर्थ प्रथम समजून घेतला पाहिजे. पुणे जिल्ह्याच्या बाबतीत ही गरज आता विशेष निकडीची झाली आहे. दिनांक ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने पॅरिस येथील आपल्या ४७ व्या अधिवेशनात ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारसा यादीत केली. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तामिळनाडूत आहे. महाराष्ट्रातील अकरांपैकी शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन किल्ले एकट्या पुणे जिल्ह्यात आहेत. या किल्ल्यांच्या पायथ्याशी वसलेल्या गावांना येत्या काळात नव्या पाहुण्यांचे स्वागत करावे लागणार आहे.

‘आगमन’ म्हणजे काय?

पर्यटनाच्या आकडेवारीत प्रत्येक शब्दाला ठरलेला अर्थ आहे. सन १९६३ मध्ये रोम येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने पर्यटकाची व्याख्या सुचविली. परक्या देशात किमान चोवीस तास मुक्काम करणारा तो पर्यटक आणि त्याहून कमी वेळ थांबणारा तो केवळ सहलकरी, असा भेद तेव्हापासून रूढ झाला. पुढे वरची मर्यादाही निश्चित झाली. एका वर्षाहून अधिक काळ राहणारा मनुष्य आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे पर्यटक राहत नाही, तो त्या ठिकाणचा रहिवासी समजला जातो.

भारतात ‘परदेशी पर्यटक आगमन’ हा आकडा विमानतळ, बंदर आणि जमिनीवरील सीमाठाणी येथील प्रवेशाच्या नोंदींवरून काढला जातो. येथे गणती होते ती आगमनांची, व्यक्तींची नव्हे. एखादा जर्मन अभियंता वर्षातून चार वेळा चाकणच्या कारखान्यात आला, तर आगमने चार होतात. माणूस मात्र एकच असतो.

सन २०१४ पासून अनिवासी भारतीयांची आगमनेही स्वतंत्रपणे मोजून ‘आंतरराष्ट्रीय पर्यटक आगमन’ असा एकत्रित आकडा दिला जाऊ लागला. सन २०१९ मध्ये परदेशी पर्यटकांची आगमने सुमारे १ कोटी ९ लाख, तर अनिवासी भारतीयांची सुमारे ७० लाख होती. दोन्ही मिळून १ कोटी ७९ लाख. त्या वर्षी जगातील एकूण आंतरराष्ट्रीय आगमने सुमारे १४६ कोटी होती. पहिला आकडा घेतल्यास त्यांत भारताचा वाटा पाऊण टक्का येतो; एकत्रित आकडा घेतल्यास तो सव्वा टक्क्याच्या जवळ जातो. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून कोणताही आकडा हाती आला की तो कशाचा आहे, हा प्रश्न आधी विचारावा.

ही व्याख्या घरगुती उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. कोथरूडमधील आजीआजोबांना भेटण्यास अमेरिकेहून चौघांचे कुटुंब आले असे समजा. आईवडिलांपाशी अद्याप भारतीय पारपत्र आहे. मुलांचा जन्म तिकडचा असल्याने त्यांच्यापाशी अमेरिकन पारपत्र आहे. एकाच विमानातून उतरलेल्या या चौघांपैकी दोघे अनिवासी भारतीय म्हणून आणि दोघे परदेशी पर्यटक म्हणून मोजले जातात. पुढे ती सर्व मंडळी आजीच्या घरी उतरल्यामुळे हॉटेलांच्या नोंदींवर आधारलेल्या राज्याच्या गणनेत त्यांच्यापैकी कोणीच येत नाही. असे असले तरी महिनाभराच्या वास्तव्यात लक्ष्मी रस्त्यावरील खरेदी, अष्टविनायकांची यात्रा आणि नातेवाइकांकडील लग्नकार्य या निमित्तांनी हे कुटुंब जिल्ह्यात जो खर्च करते, तो तीन दिवसांच्या धावत्या प्रवाशाच्या खर्चाहून कमी असेलच असे नाही.

सत्तर वर्षांचा आलेख

देशात येणाऱ्या परदेशी पर्यटकांचा प्रवाह कसा वाढत गेला, हे पुढील आकड्यांवरून दिसून येईल.

सन १९५१ : १६,८२९
सन १९८१ : १२.७९ लाख
सन १९९१ : १६.७८ लाख
सन २००१ : २५.३७ लाख
सन २०११ : ६३.०९ लाख
सन २०१९ : १०९.३० लाख
सन २०२० : २७.४५ लाख
सन २०२१ : १५.२७ लाख
सन २०२३ : सुमारे ९५ लाख
सन २०२४ : सुमारे ९९.५ लाख

या आलेखात तीन टप्पे स्पष्ट दिसतात. पहिला संथ वाढीचा. सन १९९१ ते २००१ या दहा वर्षांत वाढ झाली ती जेमतेम दीडपट. दुसरा टप्पा सन २००३ नंतरच्या वेगवान वाढीचा. विमानसेवांचा विस्तार, उद्योग व माहिती तंत्रज्ञान यांच्या निमित्ताने वाढलेली ये-जा आणि परदेशांत स्थिरावलेल्या भारतीय कुटुंबांच्या फेऱ्या या कारणांनी तो घडून आला. नोव्हेंबर २०१४ पासून घरबसल्या अर्ज करून मिळणारा इलेक्ट्रॉनिक व्हिसा सुरू झाल्याने त्यास आणखी चालना मिळाली. तिसरा टप्पा महासाथीचा. एका वर्षात आगमने सुमारे तीन चतुर्थांशांनी घटली, आणि सन २०२४ मध्येही सन २०१९ ची पातळी पुन्हा गाठली गेली नव्हती.

याखेरीज मधूनमधून लहान घसरणी आहेत. आखाती युद्धाच्या काळात, अमेरिकेतील सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर आणि मुंबईवरील नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर आगमनांवर परिणाम झाला. सन २००२ मध्ये सुमारे सहा टक्के, तर सन २००९ मध्ये सुमारे दोन टक्के घट झाली. पर्यटन हा व्यवसाय शांततेवर आणि विश्वासावर उभा असतो, याची ही साक्ष आहे.

टक्केवारी वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. सन २०२१ च्या तुलनेत सन २०२२ मधील आगमने चौपटीहून अधिक झाली. हे विधान खरे आहे. परंतु सन २०२१ चा पाया अत्यंत खाली गेलेला असल्यामुळे ती चौपट नव्या वाढीची नसून अंशतः भरून आलेल्या हानीची होती. हेच लहान गावासही लागू पडते. वीस पाहुण्यांचे चाळीस झाले, तर वाढ शंभर टक्के असते. तेवढ्या आधारावर मोठे भक्तनिवास बांधण्यास घेणे शहाणपणाचे ठरणार नाही.

राज्याचे आकडे कसे वाचावेत?

राज्यांच्या आकड्यांत महाराष्ट्र सातत्याने अग्रभागी राहिला आहे. सन २०१९ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५५ लाख परदेशी पर्यटक-भेटी नोंदल्या गेल्या. त्या वर्षी तामिळनाडू पहिला व महाराष्ट्र दुसरा होता. सन २०२३ मध्ये सुमारे ३४ लाख भेटींसह महाराष्ट्र पहिला आला.

येथे ‘भेटी’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. सन २०१९ मध्ये देशात परदेशी पर्यटकांची आगमने १ कोटी ९ लाख असताना सर्व राज्यांतील भेटींची बेरीज ३ कोटी १४ लाख इतकी भरते. याचे कारण असे, की दिल्लीत उतरून आग्रा, जयपूर आणि मुंबई पाहणारा एकच पाहुणा दिल्लीत, उत्तर प्रदेशात, राजस्थानात आणि महाराष्ट्रात असा चार वेळा मोजला जातो. यात खोटेपणा काही नाही, कारण प्रत्येक राज्याने त्याची सोय केलेलीच असते. परंतु ५५ लाख भेटी म्हणजे ५५ लाख माणसे, असा अर्थ कोणी काढू नये.

दुसरी अडचण प्रवेशद्वाराची आहे. परदेशी प्रवाशांच्या प्रवेशात दिल्लीच्या खालोखाल मुंबई विमानतळाचा क्रमांक लागतो. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाच्या तळावर चालतो. तेथील नवे प्रवासी भवन जुलै २०२४ मध्ये वापरात आले असले, तरी परदेशांशी थेट जोडणाऱ्या विमानफेऱ्या मोजक्याच आहेत. त्यामुळे पुण्यास येणारा बहुसंख्य परदेशी पाहुणा मुंबईस उतरतो आणि द्रुतगती मार्गाने घाट चढून येतो. प्रवेशाच्या नोंदीत तो मुंबईचा असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ पुण्यास अधिक जवळचा आहे. पाहुणा तेथे उतरला तरी पुण्याच्या नोंदीत यामुळे भर पडणार नाही. म्हणून विमानतळाच्या आकड्यावरून पुणे जिल्ह्याचे अनुमान करणे चुकीचे ठरते.

पुण्याचे वेगळेपण

पुण्यास येणारा परदेशी पाहुणा बहुधा काहीतरी शिकण्यासाठी किंवा करण्यासाठी येतो, आणि त्यामुळे तो राहतो. हे या शहराचे मुख्य वैशिष्ट्य आहे.

विद्येची परंपरा त्यांत सर्वांत जुनी. सन १८२१ मध्ये स्थापन झालेल्या हिंदू कॉलेजातून पुढे आकारास आलेले डेक्कन कॉलेज आणि सन १९१७ मध्ये स्थापन झालेले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर या संस्थांमुळे संस्कृत, पाली व इतिहास यांचे परदेशी अभ्यासक पुण्याकडे वळत राहिले. महाभारताची चिकित्सक आवृत्ती भांडारकर संस्थेने सन १९६६ मध्ये पूर्ण केली आणि तिची कीर्ती जगभर गेली. मराठी शिकण्यासाठी, वारी आणि लोकदैवते यांचा अभ्यास करण्यासाठीही अनेकजण आले. खंडोबाचे व धनगरांच्या परंपरेचे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर आणि डॉ. आंबेडकरांच्या चळवळीच्या अमेरिकन इतिहासकार एलिनॉर झेलियट ही यांतली सुपरिचित नावे. अशा अभ्यासकांनी महाराष्ट्राचा परिचय जगास करून दिला; त्यांच्या कार्याचे मोल कोणत्याही आगमनाच्या आकड्यात मावणारे नाही.

दुसरे क्षेत्र योगाचे. बी. के. एस. अय्यंगार यांनी सन १९७५ मध्ये पुण्यात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी केली. त्यांच्या पद्धतीचे शिक्षण घेतलेले साधक जगभरातून येथे येत राहिले. हा पाहुणा येतो तो काही आठवड्यांसाठी; खोली भाड्याने घेतो, पोळीभाजीची सोय पाहतो, आणि पुष्कळदा पुनःपुन्हा येतो.

तिसरे क्षेत्र शिक्षणाचे. परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी सन १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ची स्थापना केली, यावरून ही मंडळी तेव्हाच शहरात किती वाढू लागली होती हे ध्यानी येते. इराण, अफगाणिस्तान, येमेन आणि आफ्रिकेतील विविध देश येथील विद्यार्थी पुण्यात शिकत आले आहेत. तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करणारा विद्यार्थी व्याख्येने पर्यटक ठरत नाही. परंतु त्याला भेटायला येणारे आईवडील पर्यटक असतात, आणि शिक्षण संपवून मायदेशी परतल्यावर तो पुण्याविषयी जे सांगतो, त्याची बरोबरी कोणत्याही जाहिरातीस करता येणार नाही.

यांत उद्योग आणि विज्ञान यांची भर पडली. चाकण, पिंपरी-चिंचवड व रांजणगाव येथील कारखान्यांत जर्मन, जपानी आणि कोरियन तंत्रज्ञ येतात. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिचा उपयोग जगभरातील खगोलशास्त्रज्ञ करतात. खोडद येथून शिवनेरीच्या पायथ्यापर्यंतचे अंतर मोठे नाही, हे पर्यटनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

एका आकर्षणावर विसंबण्याचा धोका

पुण्याच्या अनुभवातून दुसराही धडा मिळतो. सन १९७४ मध्ये आचार्य रजनीश यांचा आश्रम कोरेगाव पार्क येथे सुरू झाला आणि पाहता पाहता त्या भागात पाश्चात्त्य देशांतील मंडळींची वर्दळ वाढली. घरे भाड्याने गेली, उपाहारगृहे निघाली, कपडे व हस्तकलेच्या वस्तूंची दुकाने उभी राहिली. सन १९८१ मध्ये रजनीश अमेरिकेस गेले आणि ती वर्दळ ओसरली. जानेवारी १९८७ मध्ये ते परत आले, तेव्हा ती पुन्हा वाढली. जानेवारी १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. त्या संप्रदायाविषयी कोणाचे मत काहीही असो, आर्थिक दृष्टीने पाहता एका व्यक्तीच्या येण्याजाण्यावर एका वस्तीचा व्यवसाय वरखाली होत होता, ही वस्तुस्थिती आहे.

त्याच परिसरातील जर्मन बेकरी या उपाहारगृहात १३ फेब्रुवारी २०१० रोजी बॉम्बस्फोट झाला आणि १७ जणांचा बळी गेला. त्यांत परदेशी नागरिकही होते. पुढे सन २०२० मधील महासाथीने सारे जगच थांबविले. अशा आघातांत जेथे पाहुण्यांचे प्रकार अनेक असतात, तेथील व्यवसाय तुलनेने लवकर सावरतो. सहलीचा प्रवासी प्रथम बंद होतो आणि उशिरा परततो. विद्यार्थी, संशोधक, तंत्रज्ञ आणि आप्तेष्टांना भेटणारी कुटुंबे अधिक निश्चयाने येतात. देशाच्या आकड्यांतही याचे प्रतिबिंब आढळते. सन २०१९ मध्ये परदेशी पर्यटकांपैकी सुमारे ५७ टक्के विश्रांती व मनोरंजनासाठी आणि सुमारे १३ टक्के भारतीय वंशाची मंडळी म्हणून स्वकीयांकडे आली होती. सन २०२३ मध्ये पहिले प्रमाण सुमारे ४६ टक्क्यांवर उतरले आणि दुसरे सुमारे २७ टक्क्यांवर गेले.

मुक्कामाचे गणित

यावरून मुख्य मुद्दा असा निष्पन्न होतो, की गावाला उपयोग होतो तो आगमनापेक्षा मुक्कामाचा. हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

मुंबईहून दोन बसगाड्यांतून शंभर परदेशी पाहुणे भाजे येथील लेणी पाहण्यास आले आणि संध्याकाळी परत गेले. आगमने शंभर, गावातील मुक्कामाच्या रात्री शून्य. न्याहारी मुंबईची, जेवणाचे डबे मुंबईचे, मार्गदर्शकही मुंबईचा. गावाच्या वाट्यास आल्या त्या रिकाम्या बाटल्या आणि वाहनतळाची गर्दी. उलट, त्याच गावात दहा पाहुणे प्रत्येकी बारा रात्री राहिले, तर आगमने दहाच, परंतु मुक्कामाच्या रात्री एकशेवीस. त्या काळात दूध, भाजी, धुणे, रिक्षा, वाटाड्या आणि स्वयंपाक यांवरचा पैसा गावातील अनेक घरांत विभागला जातो. आगमनांच्या तक्त्यात पहिले गाव दहापट यशस्वी दिसते. ग्रामपंचायतीच्या आणि बचत गटाच्या हिशेबात मात्र दुसरे गाव पुढे असते.

सरासरी मुक्काम काढण्याची रीत सोपी आहे. एकूण रात्रींना पाहुण्यांच्या संख्येने भागावे. एखाद्या घरगुती निवासात महिन्यात आठ पाहुणे आले आणि ते अनुक्रमे २, २, ३, ३, ५, ७, १० व १६ रात्री राहिले, तर एकूण रात्री ४८ आणि सरासरी ६ येते. येथेही आकड्याच्या मागे पाहावे. निम्मे पाहुणे तीन किंवा त्याहून कमी रात्री राहिले असून एकट्या शेवटच्या पाहुण्याने सरासरी वर ओढली आहे. तो सोळा रात्री का राहिला, याचे उत्तर शोधणे हेच विकासाच्या नियोजनाचे पहिले पाऊल होय.

गडाखालची गावे

आता तीन किल्ल्यांकडे वळू. लोहगड मावळात, मळवली रेल्वेस्थानकापासून जवळ. पायथ्याशी भाजे व लोहगडवाडी. शिवनेरी जुन्नर शहराला लागून. भोवताली लेण्याद्रीसह दोनशेहून अधिक खोदीव लेणी. राजगड पूर्वीच्या वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात. गुंजवणे व पाली ही त्याच्या वाटांवरील गावे. शिवनेरी आणि लोहगड हे केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या, तर राजगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहे. अधिकारक्षेत्र भिन्न असले तरी पाहुण्याच्या दृष्टीने प्रवास एकच असतो. सूचनाफलक, स्वच्छतागृहे, वेळा आणि माहितीपत्रके यांत मेळ घालण्याचे काम जिल्हा पातळीवर व्हावयास हवे.

हंगामाचाही विचार आवश्यक आहे. देशात परदेशी पर्यटकांची आगमने सर्वसाधारणपणे डिसेंबरमध्ये सर्वाधिक आणि मे महिन्याच्या सुमारास सर्वांत कमी असतात. लोहगडावर आपल्याकडील लोकांची खरी गर्दी लोटते ती पावसाळ्यातील शनिवार-रविवारी. परदेशी पाहुणा येईल तो बहुधा हिवाळ्यात आणि आठवड्याच्या कोणत्याही दिवशी. म्हणजे या दोन प्रवाहांत स्पर्धा नाही. एक ओसरल्यावर दुसरा येतो. गावातील वाटाड्या, रिक्षावाला आणि खानावळ चालविणाऱ्या भगिनी यांना त्यामुळे अधिक महिने काम मिळू शकते. मात्र हिवाळ्यात पिण्याच्या पाण्याची शाश्वती, स्वच्छ शौचालय आणि प्रथमोपचाराची सोय असली पाहिजे. गडाच्या वहनक्षमतेची मर्यादाही सांभाळली पाहिजे; वारसा म्हणून जे जपायचे, तेच पायांखाली झिजून गेले तर सन्मानाला अर्थ उरणार नाही.

नोंद कोणी, कशी ठेवावी?

परदेशी पाहुणा मुक्कामास आला, की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती विहित नमुन्यात संगणकीय पद्धतीने शासनास कळविणे निवास देणाऱ्यावर बंधनकारक आहे. ‘सी फॉर्म’ या नावाने ही नोंद वर्षानुवर्षे परिचित आहे. दिनांक १ सप्टेंबर २०२५ पासून जुन्या चार कायद्यांच्या जागी इमिग्रेशन व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ अमलात आला असून ही जबाबदारी त्यातही कायम आहे. ती मोठ्या हॉटेलांपुरती नसून घरगुती निवास व कृषी पर्यटन केंद्र चालविणाऱ्यांवरही आहे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण सन २०२० मध्ये जाहीर झाले आणि जुन्नरला सन २०१८ मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. त्यामुळे ग्रामीण भागात अशी घरे वाढत आहेत. अनेकांना ही नोंद पोलिसी कटकट वाटते. वस्तुतः तिच्यामुळे पाहुण्याची आणि यजमानाची दोघांचीही सुरक्षितता राखली जाते, आणि गावात खरोखर किती पाहुणे राहिले याचा पुरावाही तयार होतो. नोंद झाली नाही, तर पाहुणा आला असूनही शासनाच्या दृष्टीने तो आलेला नसतो. त्या गावाने उद्या निवासासाठी किंवा रस्त्यासाठी मागणी केली, तर दाखविण्यास हाती काही राहत नाही.

कायदेशीर माहिती गोपनीय असते आणि ती तशीच राहिली पाहिजे. परंतु नावगाव वगळून ग्रामपंचायतीस साधी मासिक नोंद ठेवता येईल. पाहुणे किती, रात्री किती, कोणत्या देशाचे, कोणत्या कारणाने आले आणि कोणती अडचण त्यांनी सांगितली, असे पाच रकाने पुरेत. पुरातत्त्व खात्याच्या तिकीटघरांत परदेशी नागरिकांचे दर वेगळे असल्याने कार्ले, भाजे, शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस येथील भेटींचा आकडा स्वतंत्र मिळतो. गावातील रात्री आणि तिकीटघरातील भेटी यांची तुलना केली, की किती पाहुणे पाहून निघून गेले आणि किती राहिले, याचा अंदाज येईल.

तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांनी केवळ वाढीची टक्केवारी न मागता मुक्कामाच्या रात्रींचा तक्ता मागवावा. शिक्षकांना या कामात मोठे स्थान आहे. सरासरी, टक्केवारी आणि आलेख हे पाठ गावातील खऱ्या आकड्यांवर शिकविले, तर मुलांना गणितही समजेल आणि गावही. इंग्रजीचे चार शब्द येणारी, आपल्या गडाचा इतिहास नीट सांगू शकणारी मुले हीच उद्याची मार्गदर्शक होतील. पंचायत सदस्यांनी एवढे पाहावे, की पाहुण्यामुळे आलेला पैसा थोड्या हातांत अडकणार नाही आणि पाण्याचा भार गावातील स्त्रियांच्या डोक्यावर पडणार नाही.

सन १९५१ मध्ये साऱ्या देशात सतरा हजारांहून कमी परदेशी पर्यटक आले होते. आज एका दिवसात सरासरीने त्याहून अधिक येतात. ही संख्या पुढेही वाढेल, कधी घटेल. तिच्यावर आपला ताबा थोडा आहे. आलेला पाहुणा आपल्या गावी एक रात्र अधिक कशासाठी राहील, हे ठरविणे मात्र पुष्कळसे आपल्या हाती आहे. कार्ल्याच्या खांबावरील यवनांची आठवण आज आपण काढतो, ती त्या काळी किती यवन घाट चढून आले म्हणून नव्हे. ते येथे राहिले, येथल्या श्रद्धेत सहभागी झाले आणि एक खांब मागे ठेवून गेले, म्हणून ती उरली आहे. आपल्या गावांच्या नोंदवहीतही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या नावापुढे त्याच्या मुक्कामाचा रकाना असावा, आणि तो रिकामा राहू नये.